सहा तास, आरामात : आमची वाटचाल

स्कॉटलंडमध्ये आम्ही नवरा-बायको पाहुण्यांना मोटरसायकलवरून दिवसभराच्या राइडवर नेतो. आमच्या पहिल्या राइडचा कागद मी अजून जपून ठेवलाय. पर्थहून निघायचं, ग्लेनशीचा घाट चढून ब्रेमार, तिथून लेख्टच्या खिंडीतून टॉमिंटूल, पुढे ग्रँटाउन, एव्हिमोर आणि ए-९ महामार्गाने परत. सुमारे दोनशे मैल. खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘सहा तास, आरामात.’ यातला ‘आरामात’ बायको आजही चारचौघांत वाचून दाखवते.

मे २०१७ ची गोष्ट. सोबत पाच पाहुणे. ग्लेनशीची केर्नवेल खिंड ६७० मीटरवर आहे, ब्रिटनमधला सगळ्यात उंच मुख्य रस्ता. तिथे सगळे खूश होते. लेख्टपर्यंत फोटो काढायचे थांबले, टॉमिंटूलला बोलायचे थांबले. ए-९ वर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे, त्यामुळे एका लयीत कंटाळत यायचं. पर्थला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. इथे मे महिन्यात तेव्हाही लख्ख उजेड असतो, म्हणून निभावलं. एका काकांनी हेल्मेट काढलं आणि नुसते फुटपाथवर बसून राहिले. त्यांना मी पैसे परत देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत, पण परतही आले नाहीत.

मी मूळचा साताऱ्याचा. यवतेश्वरच्या चढावर वडिलांच्या मोटरसायकलवर शिकलेला. इथेही गाडी डावीकडूनच चालते, म्हणून वाटलं होतं, आपल्याला काय अवघड! भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालवता येतं, मग सगळं पहिल्यापासून. पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेत यू-टर्न घेताना मी सवयीने पाय टेकवला. नापास. पंधरा वर्षं घाट मारलेला माणूस प्लास्टिकच्या शंकूंमधल्या रिकाम्या फरशीवर नापास झाला. घरी आठवडाभर हाच विषय होता.

दिवसाच्या राइडच का, मुक्कामी का नाही, असं बरेच जण विचारतात. खरं कारण रोमँटिक नाही. राइडबरोबर रात्रीचा मुक्काम विकला की २०१८ च्या पॅकेज ट्रॅव्हल नियमांत आपण ‘आयोजक’ ठरतो, आणि धंदा बुडाला तरी ग्राहकाचे पैसे सुरक्षित राहतील अशी तजवीज करावी लागते. चोवीस तासांच्या आतली, मुक्काम नसलेली सहल त्यातून सुटते. आम्ही नवरा-बायको दोघंच. सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी, हेच झेपणारं होतं. पुढे कळलं की पाहुण्यांनाही तेच हवं असतं.

दुसऱ्या वर्षी मैल मोजणं सोडलं आणि तास मोजायला लागलो. आता आमची नेहमीची फेरी जेमतेम एकशे दहा मैलांची आहे आणि पूर्ण दिवस खाते. पर्थहून क्रीफ, मग स्मा ग्लेनच्या अरुंद दरीतून अॅबरफेल्डी, केनमोर, फॉर्टिंगॉल, शिहॅलियन डोंगराच्या पायथ्याने किनलॉख रॅनॉख, आणि टमेल तळ्याच्या काठाने पिटलॉख्री. दिशा मुद्दाम अशी. सकाळी पश्चिमेला जायचं, दुपारनंतर पूर्वेला यायचं, म्हणजे ऊन बहुतेक वेळ पाठीवर राहतं. ऑक्टोबरात सूर्य इतका खाली असतो की समोर आला तर वळणावरची मेंढी दिसतच नाही. मेंढ्यांना त्याचं काही नसतं.

अॅबरफेल्डीचा १७३३ चा दगडी पूल ब्रिटिश सेनापती जनरल वेडच्या काळातला. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने झालेल्या जॅकोबाइट बंडानंतर हायलँड्स, म्हणजे स्कॉटलंडचा हा डोंगराळ भाग, मुठीत ठेवायला त्याने डोंगरातून लष्करी रस्ते काढले. आमच्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या आणि इथे डोंगर ताब्यात ठेवायला वाटा बांधल्या. हे मी पुलाच्या सिग्नलला थांबल्यावर सांगतो. मराठी पाहुणे असले की सिग्नल हिरवा होऊन जातो आणि मागची गाडी हॉर्न वाजवते.

शिहॅलियनला मात्र इंजिन बंद करून थांबतो. १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलाइन या खगोलशास्त्रज्ञाने या डोंगराच्या दोन्ही बाजूंना ओळंबा धरून, तो डोंगराकडे किती ओढला जातो यावरून पृथ्वीचं वजन काढायचा खटाटोप केला. त्याची आकडेमोड करताना गणितज्ञ चार्ल्स हटनने सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. रोज रात्री मी ज्या नकाशावर बोट फिरवतो, त्यावर त्याच समोच्च रेषा आहेत.

या फेरीत बराच रस्ता एकाच गाडीपुरता आहे. पासिंग प्लेस, म्हणजे समोरच्याला वाट द्यायला रस्त्याकडेला काढलेली जागा, डावीकडे असेल तर त्यात शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं. मागून घाईची गाडी आली तर तिलाही जाऊ द्यायचं. फोटोसाठी तिथे गाडी लावायची नाही, हे सकाळी दोनदा सांगतो, तरी एक जण लावतोच. दुरुस्तीनंतर टाकलेली सुटी खडी हा खरा शत्रू. २०१९ मध्ये एक पाहुणा त्यावर घसरला. आरसा तुटला, गुडघा सोलला, बाकी ठीक. तेव्हापासून राइडच्या आदल्या दिवशी आमच्यापैकी एकाने पूर्ण फेरी मारून यायची, हा नियम. धंद्याच्या दृष्टीने वेडेपणा आहे. पेट्रोल दुप्पट जातं. (इथे पेट्रोल लिटरमध्ये, अंतर मैलांत आणि अॅव्हरेज गॅलनला. हिशेब बायको करते.)

गटात सहाच गाड्या. प्रत्येक फाट्यावर माझ्या मागचा गडी उभा राहतो, बाकीच्यांना वळण दाखवतो आणि सर्वांत शेवटी पिवळं जॅकेट घातलेली बायको दिसली की निघतो. कोणी कोणाला गाठायच्या भानगडीत पडत नाही. हे सुरू केल्यापासून एकही माणूस हरवला नाही. त्याआधीचं विचारू नका.

थांबे निवडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. देखणी जागा पुरत नाही. वारा हवा. मिज म्हणजे आपली चिलटंच, पण चावणारी. तळ्याकाठी निवांत, वारा पडलेल्या जागी थांबलात की हेल्मेटच्या आत शिरतात. झुळूक असली की फिरकत नाहीत. मग शौचालय हवं, रविवारी उघडा पेट्रोल पंप हवा आणि शाकाहाऱ्याला खायला हवं. मसूर डाळीचं सूप जवळपास प्रत्येक कॅफेत मिळतं, आमची मंडळी ते बघून हरखतात. पण बऱ्याच ठिकाणी ते हॅमच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या, स्टॉकमध्ये शिजवतात. एका आजोबांनी अर्धा वाडगा संपवल्यावर मला हे कळलं. मी त्यांना सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला, बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, ‘‘चव मात्र आईच्या आमटीसारखी होती.’’ आता बायको आदल्या दिवशीच्या फेरीत स्वयंपाकघरात डोकावून विचारून येते.

२०२० चा वसंत लॉकडाउनमध्ये गेला. पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या आमच्या दोन गाड्यांपैकी एक विकावी लागली. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही.

हंगाम एप्रिल ते ऑक्टोबरचा मध्य. या वर्षीची पहिली राइड ठरली आहे, पाच जण येणार आहेत, त्यात एक आजी मागच्या सीटवर. पण केनमोरच्या पुढचा आमचा नेहमीचा कॅफे बंद झाल्याचं कळलंय. सूपही गेलं आणि शौचालयही. रविवारी बायको थर्मास घेऊन दुसरी जागा शोधायला जाणार आहे. मी घरी, गुडघा शेकत. यादीत तिने पहिल्या ओळीवर लिहिलंय, ‘वारा.’