कुडझूचा गड्डा

शनिवारी सकाळी आम्ही ज्या उतारावर काम करतो, तिथली माती अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या बहुतेक भागात असते तशी लाल, चिकट आणि पाऊस पडून गेला की कुदळीला सोडायला तयार नसलेली अशी आहे. त्या मातीत गुडघे टेकून, वाळलेल्या वेलींच्या गुंत्यातून एकेक वेल मागे मागे चाचपत गेले, की ती जिथे जमिनीत शिरते तिथे एक गाठाळ गड्डा हाताला लागतो. कोवळ्या वेलीचा गड्डा लिंबाएवढा असतो, जुन्या वेलीचा नारळाएवढा किंवा त्याहूनही मोठा. त्यावर डोळे असतात आणि पुढच्या वर्षीचे कोंब त्या डोळ्यांतून येतात. गड्ड्याखालचे मूळ मांडीएवढे जाड असले, तरी गड्डा काढून टाकल्यावर त्याला एकट्याला कोंब फुटत नाही. म्हणून आम्ही मूळ खणत बसत नाही. गड्ड्याभोवतीची माती उकरतो, त्याच्या खाली करवत चालवतो आणि तेवढा गड्डा उचलून झाडाच्या बेचक्यात वाळत ठेवतो. उचललेला गड्डा पुन्हा मातीला टेकू द्यायचा नाही, हा इथला पहिला नियम.

या वेलीचे नाव कुडझू. जपानी भाषेत तिला ‘कुझू’ म्हणतात आणि चीन, जपान, कोरिया हे तिचे माहेर. पान घेवड्यासारखे तीन दलांचे, खोड केसाळ, आणि ऑगस्टच्या सुमारास पानांच्या आड लपलेले जांभळ्या फुलांचे तुरे, ज्यांना द्राक्षाच्या सरबतासारखा गोड वास येतो. घेवडा, वाल, तूर, सोयाबीन यांच्याच कुळातली ती असल्याने हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत बांधून घेते. आपल्या सह्याद्रीत जिला घोडबेल म्हणतात आणि आयुर्वेदात जिच्या कंदाला विदारीकंद म्हणतात, ती कुडझूची सख्खी चुलत बहीण. दोघींची वनस्पतिशास्त्रातली प्रजाती एकच, प्युरेरिया. मला हे नाते समजले तेव्हा या वेलीकडे पाहण्याची माझी दृष्टी थोडी बदलली, कारण तोपर्यंत मी तिला फक्त इथली पीडा समजत होते.

ती अमेरिकेत आली १८७६ मध्ये. फिलाडेल्फियाच्या शतकमहोत्सवी प्रदर्शनात जपानने मांडलेल्या बागेत ती शोभेची वेल म्हणून होती, आणि पुढे काही वर्षे दक्षिणेकडच्या घरांच्या पडव्यांवर सावलीसाठी चढवली जात होती. तिचे भाग्य बदलले ते १९३० च्या दशकात. कापसाच्या सलग पिकांनी दक्षिणेतली जमीन धुपून गेली होती. ही धूप किती भयानक होती हे पाहायचे असेल, तर जॉर्जियाच्या नैर्ऋत्येकडची प्रॉव्हिडन्स कॅनियन पाहावी. एकोणिसाव्या शतकातल्या चुकीच्या नांगरटीमुळे शेतात ओघळी पडल्या, त्यांच्या घळी झाल्या आणि आज त्यातल्या काही सुमारे दीडशे फूट खोल आहेत. त्या कड्यावर उभे राहिल्यावर मला एक गोष्ट पटली. ज्यांनी कुडझू लावायला सांगितली ते मूर्ख नव्हते. त्यांच्या डोळ्यांदेखत जमीन वाहून जात होती आणि त्यांना लवकर वाढणारे, माती धरून ठेवणारे, खत न मागणारे काहीतरी हवे होते. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या मृदा संधारण सेवेने रोपवाटिकांतून सात कोटींहून अधिक रोपे तयार करवली आणि लावणाऱ्या शेतकऱ्याला एकरी आठ डॉलरपर्यंत मदत दिली. अटलांटाच्या वर्तमानपत्रात लिहिणारे आणि रेडिओवर बोलणारे चॅनिंग कोप हे १९४० च्या दशकात तिचे सर्वांत मोठे प्रचारक होते. त्यांनी काढलेल्या कुडझू क्लबाचे वीस हजार सभासद झाले होते.

तरीही शेतकऱ्यांनी ती मनापासून स्वीकारली नाही, हा भाग बहुतेक लोकांना ठाऊक नसतो. १९४५ पर्यंत दहा लाख एकरांच्या आसपास लागवड झाली, पण मदतीचे पैसे थांबल्यावर त्यातली बरीचशी जनावरांनी चरून संपली किंवा नांगराखाली गेली. पाला पौष्टिक असला तरी सतत चराई तिला सोसत नाही आणि कापणी करावी तर वेली यंत्रात गुरफटतात. जिथे जनावरे नव्हती आणि नांगरही नव्हता, अशा ठिकाणी मात्र ती टिकली. रस्त्यांच्या कापलेल्या दरडी, रेल्वेमार्गांचे भराव, सोडून दिलेली शेते. १९५३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने शिफारशीच्या यादीतून तिचे नाव काढले, आणि शतक संपता संपता ती केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत जाऊन बसली.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि मोजल्याशिवाय बोलायचे नाही, ही सवय तिथे लागली आहे. त्यामुळे कुडझूने सत्तर ते नव्वद लाख एकर व्यापले आहेत, हे इथे सर्रास ऐकू येणारे वाक्य मला खटकत असे. वन सेवेच्या पाहणीत जंगलातले क्षेत्र सुमारे सव्वादोन लाख एकर निघाले. कुडझूला ऊन लागते, म्हणून ती जंगलाच्या कडेला वाढते. गाडीतून जाणाऱ्याला हिरवी भिंत दिसते आणि तो धरून चालतो की आतही तेच असणार. दाट सावलीत पन्नास पावले आत शिरले की पुष्कळदा एकही वेल दिसत नाही. याचा अर्थ ती निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. जिथे ती चढते तिथे ती खोड जाड करण्यावर फारसे काही खर्च करत नाही, आधार दुसऱ्याचा घेते, उन्हाळ्यात दिवसाला फूटभर वाढते आणि खालच्या झाडाचा प्रकाशच तोडते. झाड उभ्या उभ्या मरते.

मातीच्या आत ती जे करते, ते डोळ्यांना दिसत नाही आणि मला तेच अधिक गंभीर वाटते. २०१० मध्ये जॉनाथन हिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉर्जियातल्या जागा निवडून शेजारशेजारच्या कुडझू असलेल्या आणि नसलेल्या मातीतून निघणारे वायू मोजले. कुडझूच्या मातीतून नायट्रिक ऑक्साइड दुपटीहून अधिक प्रमाणात निघत होते. हा वायू पुढे जमिनीलगतच्या ओझोन प्रदूषणात भर घालतो, आणि कुडझूची पानेही आयसोप्रीन नावाचे असे द्रव्य सोडतात जे त्याच प्रक्रियेला हातभार लावते. ज्या गुणासाठी, म्हणजे नत्र बांधण्यासाठी, ती लावली तोच गुण हवेत असा उतरला. क्लेमसन विद्यापीठातल्या निशांत थरयील यांच्या गटाला २०१४ मध्ये असे आढळले, की पाइनच्या जंगलात कुडझू शिरल्यावर मातीतला साठलेला कार्बन सुमारे पाव हिश्श्याने घटला, कारण तिचा नत्राने भरलेला पालापाचोळा चटकन कुजतो आणि जिवाणू-बुरशांना मातीतला जुना साठाही फस्त करायला उद्युक्त करतो.

आमचे घर सांगलीजवळ कृष्णाकाठी, आणि पिके ऊस व सोयाबीन. फोनवर अण्णांना कुडझूविषयी सांगत असताना मी सोयाबीनचा उल्लेख केला आणि ते एकदम सावध झाले. सोयाबीनच्या पानांमागे तपकिरी फोड येऊन पीक अवेळी वाळते, त्या तांबेऱ्याने आमच्या पट्ट्यात कित्येक हंगाम बुडवले आहेत. कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्राने फुले संगम हे तांबेरा सहन करणारे वाण दिले, तेव्हा गावाला दिलासा मिळाला. तीच बुरशी २००४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत प्रथम सापडली. तिला जगायला हिरवे पान लागते, आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यालगत, जिथे थंडी सौम्य असते, तिथे हिवाळ्यात तिला कुडझूचे पान मिळते. अण्णा म्हणाले, “म्हंजे बांधावर तांबेरा पोसायचा आन् रानात फवारत बसायचं, असंच की गं.” इतक्या थोडक्यात ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही.

त्यांचा पुढचा प्रश्न होता, गाजरगवतावर मेक्सिकन भुंगे सोडतात तसे काही इथे का सोडत नाहीत. प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचे उत्तर पुन्हा सोयाबीनपाशीच येते. परदेशातून कीटक आणायचा, तर तो फक्त त्या तणावर जगणारा हवा. चीन आणि जपानमध्ये शोध घेऊन अनेक कीटक तपासले गेले, पण कुडझू खाणारा कीटक तिचे नातेवाईक, म्हणजे सोयाबीन आणि इथल्या जंगलातल्या स्थानिक शेंगवर्गीय वेली, सोडत नाही अशी अडचण वारंवार आली. २००९ मध्ये आशियातला एक वाटोळा, तपकिरी-हिरवा ढेकणासारखा किडा कोणी न आणता जॉर्जियात पोहोचला. त्याने कुडझूचा रस शोषला, एका प्रयोगात वर्षभरात तिची वाढ सुमारे एक तृतीयांशाने घटलेली दिसली, पण पाठोपाठ तो सोयाबीनच्या शेतात आणि शरद ऋतूत लोकांच्या घरांच्या भिंतींवर थव्याने बसू लागला. पुढे त्याच्या अंड्यांवर जगणारी एक बारीक गांधीलमाशीही येऊन पोहोचली आणि त्याचा जोर ओसरला. मिसिसिपीतल्या स्टोनव्हिल येथे कृषी संशोधकांनी मायरोथेसियम ही बुरशी तणनाशकासारखी फवारून पाहिली. ती कुडझूला झपाट्याने मारते, परंतु स्वतः विषारी द्रव्ये तयार करते, त्यामुळे ती बिनधोक करणे हेच मोठे काम होऊन बसले.

रासायनिक तणनाशके चालतात, पण एका फवारणीत नव्हे. उन्हाळा सरता सरता वेल पानांतले अन्न मुळाकडे पाठवते, तेव्हा फवारलेले ग्लायफोसेट किंवा क्लोपायरालिड त्याच प्रवाहाबरोबर खाली जाते. जुन्या वेलीच्या मुळांतला साठा एवढा असतो, की उपचार अनेक वर्षे चालू ठेवावे लागतात. शेळ्याही उपयोगी पडतात. टेनेसीतल्या चॅटनूगा शहराने डोंगरउतारावर त्या लावल्या होत्या. शेळी पाला खाते, मूळ खात नाही, म्हणून तिला पुन्हा पुन्हा आणावे लागते. आमचा उतार ओढ्याला लागून आहे आणि तिथे फवारायचे नाही असे सर्वांनी ठरवले, म्हणून करवत.

मग लोक विचारतात, एवढी उपयोगी वेल आहे तर वापरून का संपवत नाही? हा प्रश्न मलाही आधी फार आवडत असे. जपानमध्ये नारा परगण्यातल्या योशिनोच्या कुडझूचे पीठ प्रसिद्ध आहे. ते कसे करतात हे वाचल्यावर मी जानेवारीत आमच्या न फवारलेल्या उतारावरचे दोन किलो मूळ घरी आणले. धुतले, ठेचले, पाण्यात कुस्करले आणि कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतो तसे फडक्यातून गाळून रात्रभर ठेवले. पहिले पाणी चहाच्या रंगाचे होते. ते ओतून नवे गार पाणी घालायचे, ढवळायचे, पुन्हा निवळू द्यायचे; हे मी पाच दिवस केले. शेवटी तळाशी जेमतेम वाटीभर पांढरा थर बसला. त्याची साखर घालून खीर शिजवली तेव्हा ती काचेसारखी पारदर्शक झाली आणि तवकिलीची आठवण झाली. उत्तम पदार्थ आहे. पण त्या वाटीसाठी मी जे मूळ खणले त्याला दीड तास लागला होता, आणि तेवढ्या वेळात आठ-दहा गड्डे निघाले असते.

औषधाचेही असेच आहे. चीनमध्ये हे मूळ मद्याच्या त्रासावर शतकानुशतके दिले जाते. १९९३ मध्ये हार्वर्डच्या विंग-मिंग क्युंग आणि बर्ट व्हॅली यांनी दाखवले, की मुळातील डेडझिन हे द्रव्य दिल्यावर हॅमस्टर आपण होऊन कमी मद्य पितात. २००५ मध्ये मॅक्लीन रुग्णालयातल्या स्कॉट लुकस यांच्या गटाने घरासारख्या सजवलेल्या प्रयोगशाळेत चौदा जणांना बसवून त्यांची बिअर मोजली. मुळाचा अर्क घेतलेल्यांनी जवळजवळ निम्मीच प्यायली, घोट लहान घेतले आणि एकेक ग्लास संपवायला जास्त वेळ लावला. संशोधन मोलाचे आहे, मात्र चौदा जणांवरून दुकानातली कोणतीही बाटली कोणी औषध म्हणून घेऊ नये. टोरांटोच्या रोवन सेज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मुळातल्या पिष्टापासून इथेनॉल काढता येईल, असेही मांडले. कोरड्या मुळात दोन तृतीयांशापर्यंत कर्बोदके सापडली होती. परंतु दरडीवर आणि झाडांच्या मुळांत गुंतलेले हे मूळ कोणते यंत्र उपटणार? आणि शेतात मुद्दाम लावावी, तर १९३५ चीच वाट पुन्हा धरल्यासारखे होईल. उपयोगासाठी लोकांना मोठे, पिठूळ, जुने मूळ हवे असते. वेल थांबवायची तर लिंबाएवढा गड्डासुद्धा सोडून चालत नाही. ही दोन वेगळी कामे आहेत आणि एकाने दुसरे होत नाही, अशा निष्कर्षाला मी पाचव्या दिवशीचे पाणी ओतताना आले.

आमच्या उतारावर हे तिसरे वर्ष आहे. वेल जमिनीवर पसरते तेव्हा पेरापेराला मुळे फुटून नवे गड्डे होतात, म्हणून काही सुटतातच. एप्रिलमध्ये पहिले केसाळ, तांबूस कोंब वर आले की आम्ही प्रत्येकाशेजारी एक नारिंगी झेंडी खोचतो आणि मोजतो. पहिल्या वसंतात दोनशेच्या वर झेंड्या लागल्या आणि आणलेल्या संपल्या. गेल्या वर्षी एकसष्ट. या वर्षी आतापर्यंत चौदा आहेत, त्यातल्या नऊ ओढ्याच्या काठावर, जिथे पाण्यामुळे माती सैल आहे आणि गड्डा करवतीखालून निसटतो. तिथे या शनिवारी करवतीऐवजी लांब पात्याचा विळा नेऊन पाहणार आहोत.