प्रश्नचिन्हांचा क्रम आणि जॉइनमधली अट

पुण्यातील सदाशिव पेठेतील एका छोट्या वाचनालयाच्या सभासदांची आणि पुस्तकांच्या देवघेवीची नोंद मी हौसेने एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतो. वर्षअखेरीस कार्यवाहांनी कोथरूड भागातील सर्व सभासदांची यादी मागितली; वर्षभरात कोणी किती पुस्तके नेली आणि एकही न नेणारे कोण, हे त्यांना पाहायचे होते.

डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, म्हणजे क्वेरीत, मी सभासद आणि देवघेव ही दोन टेबले लेफ्ट जॉइनने जोडली (जोडीची नोंद नसली तरी पहिल्या टेबलातली ओळ राखणारी जोडणी) आणि भाग, आरंभीची तारीख व शेवटची तारीख या तीन मूल्यांसाठी व्हेअरमध्ये, म्हणजे जोडणीनंतर ओळी गाळणाऱ्या अटीत, प्रश्नचिन्हे ठेवली; त्यांच्या जागी मूल्ये क्रमाने भरली जातात. यादी आली, पण पुस्तक न नेलेले सभासद तिच्यात नव्हतेच. ज्याची देवघेवीत नोंद नाही, त्याच्या ओळीत तारखेच्या जागी नल, म्हणजे ‘मूल्यच नाही’ ही खूण, येते. नलची कोणत्याही तारखेशी केलेली तुलना खरी ठरत नाही, आणि व्हेअर ती ओळ गाळून टाकते, म्हणजे लेफ्ट जॉइन लिहूनही पदरात इनर जॉइनच, म्हणजे फक्त जुळणाऱ्या ओळी ठेवणारी जोडणीच, पडतो. म्हणून तारखांच्या अटी मी ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्याच अटीत, हलवल्या, तर यादी पार रिकामी झाली.

खरी मेख येथे होती. ऑन व्हेअरच्या आधी येत असल्याने प्रश्नचिन्हांचा क्रम बदलला होता, मूल्यांचा मात्र जुनाच राहिला होता. त्यामुळे ‘कोथरूड’ तारखेच्या जागी आणि ३१ मार्च भागाच्या जागी जाऊन बसले. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसने ‘ही तारीख नव्हे’ असे तिथेच सुनावले असते. एसक्यूलाइट प्रकारांबाबत सैल, त्याने मुकाट्याने शून्य ओळी दिल्या.

तेव्हापासून मी प्रश्नचिन्हांऐवजी नावांचेच पॅरामीटर (मूल्यांच्या जागा) वापरतो: कोलन लावून भाग, पासून, पर्यंत. अट कुठेही हलवली तरी मूल्य आपल्या नावाला धरून राहते. मूल्ये थेट क्वेरीच्या मजकुरात चिकटवण्याचा मार्ग मी विचारातही घेत नाही, कॅम्पातल्या एखाद्या डिसोझांच्या इंग्रजीत लिहिलेल्या आडनावातला (D'Souza) ॲपॉस्ट्रॉफी क्वेरी मोडायला पुरेसा आहे.

यादी अखेर भरली, पण पुस्तक न नेलेल्या प्रत्येकापुढे १ हा आकडा होता, कारण तारांकन घातलेल्या काउंटने, म्हणजे सगळ्या ओळी मोजणाऱ्या COUNT(*) ने, नलची ओळही मोजली होती. देवघेवीचा क्रमांक मोजायला सांगितल्यावर तिथे ० आले आणि यादी कार्यवाहांकडे गेली.