लाल डोळा आणि न तपासलेली पडद्याची कड

आजची ओपीडी संपली, पण हे लिहूनच उठते. डोळा लाल, जरा दुखतो, उजेड सोसवत नाही, काळे ठिपके तरंगतात आणि चार दिवसांत नजर धूसर. असा डोळा बाहुली मोठी करून, आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) कडेपर्यंत पाहिल्याशिवाय नुसत्या स्टिरॉइडच्या थेंबांवर सोडू नका. हा अक्यूट रेटिनल नेक्रोसिस असू शकतो: नागिणीचा किंवा हर्पिसचा विषाणू बहुधा कडेकडून पडदा जाळत आत सरकतो. मध्यभाग शाबूत असेपर्यंत तक्ता वाचता येतो, तिथेच फसगत होते.

डोळ्याच्या आतलं (अश्रू नव्हे) ०.१ मिलि पाणी सुईने काढून पीसीआरला, म्हणजे विषाणू ओळखणाऱ्या चाचणीला, पाठवावं, रिपोर्टसाठी थांबू मात्र नये. असायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध शिरेतून, किलोमागे १० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी, ७ ते १० दिवस. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) बघायचं, सोबत पुरेसं सलाईन, नाहीतर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. मग विषाणूविरोधी गोळ्या किमान ६ आठवडे, कारण दुसरा डोळा धरलाच तर बहुधा याच काळात धरतो. पोटातून स्टिरॉइड द्यायचंच तर विषाणूचं औषध सुरू होऊन २४ ते ४८ तासांनी.

दाह शमल्यावरही पडदा विरलेल्या कापडासारखा राहतो, पुढच्या काही महिन्यांत जागेवरून सुटू शकतो. चमक दिसली, कडेने सावली सरकली, तर त्याच दिवशी या. सोमवारची वाट पाहू नका.