हळदीच्या पट्टीतला एक पैसा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानासाठी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदाचं, सॉफ्टवेअर लिहायला बसलेला प्रोग्रामर एक गोष्ट पाठ करूनच आलेला असतो: पैशाला फ्लोट, म्हणजे अपूर्णांक बायनरीत बहुतेक वेळा अंदाजेच साठवणारा संख्याप्रकार, वापरायचा नाही. बरोबर आहे. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते हे सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. पण फ्लोट काढला की पट्टी जुळली, असं होत नाही. एक पैशाचा फरक पुष्कळदा वेगळ्याच कारणाने येतो. राउंडिंग कोणत्या नियमाने आणि कोणत्या ओळीवर करायचं, हे दुकानात कुणाला विचारलेलंच नसतं.

राजापुरी हळदीचा एक लॉट धरू. निव्वळ वजन ८४२.५ किलो, सौद्यात निघालेला दर क्विंटलला १४,३२५ रुपये. रक्कम होते १,२०,६८८.१२५ रुपये. हा आकडा फ्लोटमध्येसुद्धा तंतोतंत बसतो, कारण .१२५ म्हणजे एक अष्टमांश. म्हणजे इथे फ्लोटला दोष देता येत नाही. आता हाच आकडा दोन दशांश स्थळांवर आणा. पायथॉनचं राउंड .१२ देतं. सी-शार्पचं मॅथ-राउंड .१२ देतं. ब्राउझरमधलं टू-फिक्स्ड मात्र .१३ देतं. एक्सेल .१३, डेटाबेसांमध्ये मायएसक्यूएलचा डेसिमल .१३, पोस्टग्रेसचा न्यूमेरिकही .१३. सर्व्हर पायथॉनचा आणि स्क्रीन ब्राउझरची असेल, तर शेतकऱ्याला दाखवलेली रक्कम आणि खात्यात पडलेली रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळी.

पहिल्या दोघांचा नियम असा, की बरोबर अर्ध्यावर आलं की सम अंकाकडे जायचं. हजारो नोंदींत बेरीज एकाच बाजूला कलू नये म्हणून तो आहे, आणि संख्याशास्त्रासाठी उत्तमच आहे. पण दुकानातले दिवाणजी ‘अर्धा किंवा जास्त असेल तर वर’ असा हिशोब करतात, आणि पट्टी त्यांच्या हिशोबाशी जुळायला हवी. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० हेच सांगतं, फक्त रुपयाच्या पातळीवर: कराच्या रकमेत ५० पैसे किंवा जास्त असतील तर रुपया वाढवायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे. तेव्हा लायब्ररीचा डिफॉल्ट चालवून घेऊ नका. राउंडिंगचं एकच फंक्शन लिहा, त्याच्या नावातच नियम दिसू द्या, आणि बाकी कोडमध्ये कुठेही थेट राउंड लिहिलेलं दिसलं तर रिव्ह्यूमध्ये परत पाठवा.

माझं मत विचाराल तर रक्कम पैशात, वजन ग्रॅममध्ये, दोन्ही पूर्णांक. वरच्या लॉटचं गणित मग असं: ८,४२,५०० ग्रॅम गुणिले १४,३२,५०० पैसे, क्विंटलचे १,००,००० ग्रॅम, म्हणून त्यात अर्धे, म्हणजे ५०,००० मिळवायचे आणि १,००,००० ने पूर्णांक भागाकार करायचा. उत्तर १,२०,६८,८१३ पैसे. वाद संपला. मात्र मधला गुणाकार १,२०,००० कोटींच्या पुढे जातो. ३२ बिटांचा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ वरच संपतो, आणि जावा किंवा सी-शार्प अशा वेळी मुकाट्याने चुकीचा, कधी ऋण आकडा देतात. एरर येतच नाही. नुसती साठवण बघितली तरी तेवढे पैसे म्हणजे फक्त २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. मोठ्या पेढीच्या खातेवहीची बेरीज तिथे पोचायला वेळ लागत नाही. ६४ बिटच घ्या.

कुणाला डेसिमल टाइप, म्हणजे दशांश आकडे जसेच्या तसे ठेवणारा प्रकार, आवडत असेल तर हरकत नाही, पण दोन खड्डे बघून चाला. पायथॉनमध्ये डेसिमल बनवताना आकडा अवतरण चिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून द्यायचा. नुसता ०.१ दिला तर फ्लोटची चूक जशीच्या तशी आत जाते. दुसरा खड्डा एसक्यूलाइट. टेबलात कॉलम डेसिमल म्हणून लिहिला तरी ते निमूट घेतं आणि अपूर्णांक फ्लोट म्हणूनच साठवतं. छोट्या दुकानांची पुष्कळ सॉफ्टवेअर याच डेटाबेसवर चालतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता राउंडिंग कोणत्या ओळीवर. समजा एक टक्का कपात आहे आणि १२,३४०.४० रुपयांच्या तीन पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टीवर १२३.४० कापले तर एकूण ३७०.२० होतात. तिन्हींच्या बेरजेवर, म्हणजे ३७,०२१.२० वर एकदम कापले तर ३७०.२१. दोन्ही बरोबर आहेत, पण दुकानात एकच चालतं. शेतकऱ्याच्या हातात पट्टी जाते, म्हणून कपात पट्टीवर गोल करायची आणि दिवसाचा आकडा त्या गोल आकड्यांच्या बेरजेतूनच काढायचा, पुन्हा टक्केवारी लावून नाही.

वाटणीत उलटी अडचण येते. एका टेम्पोतून तिघांचा सारखाच माल आला, भाडं १,००० रुपये. प्रत्येकी ३३३.३३ लावले तर एक पैसा उरतो. आधी अपूर्णांक सोडून सगळ्यांचे पूर्ण पैसे काढा, मग उरलेले पैसे ज्यांचा अपूर्णांक मोठा राहिला त्यांना एकेक लावा. अपूर्णांक सारखा असेल तर लहान लॉट नंबर आधी. हा शेवटचा नियम फालतू वाटतो, पण तो नसला तर तीच पट्टी पुन्हा काढल्यावर पैसा दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतो.

रद्द पट्टीची उलटी नोंद उणे आकड्यांनी कधीही नव्याने मोजू नका. जावास्क्रिप्टचं मॅथ-राउंड २.५ चे ३ करतं आणि उणे २.५ चे उणे २. जमा-नावे केल्यावर खात्यात एक पैसा लोंबकळत राहतो. साठवलेली रक्कम उचला, चिन्ह बदला, टाका. जुनी पट्टी छापतानाही तेच: साठवलेले आकडे छापायचे. हमालीचा दर मधे बदललेला असतो आणि प्रोग्रॅम आजच्या दराने मागच्या वर्षीची पट्टी आनंदाने काढून देतो.

शेवटी देय रक्कम रुपयात आणली की उरलेले पैसे कसर खात्यात, म्हणजे गोल करताना पडलेल्या फरकाच्या खात्यात, जायला हवेत. काही जण ते हवेतच सोडतात आणि मग ताळेबंद का जुळत नाही म्हणून महिनाअखेर शोधत बसतात.

टेस्टसाठी दिवाणजींकडून हाताने केलेल्या जुन्या पट्ट्या मागून घ्या. साध्यासुध्या नकोत. अर्ध्या किलोचं वजन असलेली, दुरुस्ती झालेली, रद्द झालेली, किलोच्या दराने निघालेली बेदाण्याची, अशा निवडा. कागद आणि कोड जुळले नाहीत तर लगेच कोड बदलू नका, आधी विचारा. पुष्कळदा वजनच आधी पूर्ण किलोवर उतरवलेलं असतं. ८४२.५ चे ८४२ धरले तर रक्कम १,२०,६१६.५० होते, आणि फरक पैशाचा न राहता ७१ रुपयांच्या वर जातो. हा नियम कुठल्याच लायब्ररीत सापडायचा नाही.

टेस्टमध्ये देवनागरी अंकांची एक नोंदही घाला. ‘१२’ पायथॉन पूर्णांक म्हणून सरळ वाचतं, जावास्क्रिप्टच्या नंबरला मात्र ती संख्याच वाटत नाही. आणि स्वल्पविराम काढल्याशिवाय १,२०,६८८ दोघांनाही कळत नाही.