रुग्णाची औषधांची पिशवी

भूलतज्ज्ञ म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाला कोणत्या गोळ्या चालू आहेत असे विचारले, की आमच्या खानदेशात बहुतेक वेळा 'एकबी गोळी नही शे' हेच उत्तर मिळते. कोणी मुद्दाम लपवत नाही; वर्षानुवर्षे जेवणानंतर घेतलेली गोळी त्यांच्या लेखी औषध राहिलेलीच नसते.

चोपडा तालुक्यातील एका शेतकऱ्याला पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी मी किलोमागे ०.१ मिलिग्रॅम या नेहमीच्या हिशेबाने व्हेक्युरोनियम हे स्नायू शिथिल करणारे औषध दिले होते. त्याचा परिणाम एरवी अर्ध्या तासाच्या आसपास टिकतो, येथे मात्र पंधराव्या मिनिटालाच सर्जन म्हणाले, "पोट टाइट झालंय." पुन्हा डोस दिला, तोही तितक्याच लवकर उतरला. अखेर बाहेर बसलेल्या मुलाकडे निरोप पाठवला, तेव्हा त्याच्या पिशवीतून, केळीच्या वेफर्सच्या पुड्याखालून, फेनिटॉइनचे अर्धे रिकामे पाकीट निघाले. फिट येऊ नये म्हणून ही गोळी कित्येक वर्षे चालू होती. आदल्या दिवशी पिशवी उघडायला न लावणे ही चूक माझीच होती.

दीर्घकाळ घेतलेल्या फेनिटॉइनमुळे किंवा कार्बामाझेपिनमुळे यकृतातील विकरे वाढतात आणि व्हेक्युरोनियमसारखी औषधे शरीरातून लवकर बाहेर टाकली जातात. शिवाय स्नायूंवरील ग्राही, म्हणजे औषध जिथे चिकटते त्या जागाही बदलत असल्याने डोस अधिक लागतो. स्नायू शिथिल करणारेच दुसरे औषध, अॅट्राक्युरियम, रक्तातच आपोआप विघटित होते, त्यामुळे त्याला हा फटका फारसा बसत नाही. गंमत अशी, की हेच फेनिटॉइन ऐनवेळी शिरेतून दिले तर उलट शिथिलता वाढवते.

जेंटामायसिन आणि अमिकासिन ही प्रतिजैविके, तसेच गरोदरपणातील झटक्यांवर दिले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट, स्नायूंची शिथिलता लांबवतात. अशा रुग्णाने शस्त्रक्रियेनंतर डोळे उघडले तरी श्वासाला पुरेसा जोर नसतो, म्हणून श्वासनलिकेतली नळी काढण्याची घाई मी करत नाही.

स्कोलीन या स्नायू शिथिल करणाऱ्या, लवकर उतरणाऱ्या औषधाचा विचार असेल तर मी आणखी एक प्रश्न विचारतो, जो गोळ्यांच्या यादीत कधीच सापडत नाही. कपाशीवर फवारल्या जाणाऱ्या ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकांमुळे रक्तातील कोलिनएस्टरेज हे स्कोलीनचे विघटन करणारे विकर दबते, कधी कधी उघड लक्षणे नसतानाही. आणि ते कमी असेल तर पाच-दहा मिनिटांत उतरणारे स्कोलीन कितीतरी वेळ रेंगाळते. "फवारणी कधी केली?" असे विचारल्यावर "परवाच" हे उत्तर आले, की भरलेली सिरिंज मी बाजूला ठेवून देतो.