कुरकुर

मराठीत आवाजांना एवढे शब्द आहेत याचं मोल मला सायकलींमुळे कळलं. ब्रेक दाबताच चीं झालं, की पॅडला तेल लागलंय. दगडांवरून जाताना खडखड झाली, की फ्रेमच्या पोटातली केबल सुटलीय. चाकाच्या फेरीगणिक एकदाच सर्र, म्हणजे ब्रेकची डिस्क एका जागी वाकलीय. हे सगळे आवाज मला आवडतात, कारण ते आपला पत्ता सांगतात. कुरकुर तेवढी सांगत नाही.

काळी सायकल चढावर कुरकुरायला लागली, तेव्हा मी आधी दुर्लक्ष केलं. कुरकुर करणाऱ्याकडे आपण करतो तेच.

माझ्याकडे तीन माउंटन बाइक, म्हणजे डोंगरात चालवायच्या सायकली आहेत आणि एक नुसती फ्रेम. लाल जुनी आहे, पोलादी, ताठ चिमट्याची, २६ इंची चाकांची. हिरवी ॲल्युमिनियमची, साडेसत्तावीस इंची, सस्पेन्शन फक्त पुढे. काळी २९ इंची, पुढेमागे दोन्हीकडे मऊ. तिघींपैकी एकही दुकानातून अखंड आलेली नाही. कुणाचं हँडल आधी आलं, कुणाची चाकं. हिरवीचे तर ब्रेक आधी घेतले होते आणि त्यांना शोभेशी फ्रेम नंतर शोधली. चौथी फ्रेम खुंटीला टांगलेली आहे. तिच्याबद्दल घरात विचारणा झाली की मी ‘सुट्या भागांसाठी ठेवलीय’ म्हणतो. हे उत्तर किती पोकळ आहे ते मला चांगलं माहीत आहे, कारण या घरात एका सायकलीचा भाग दुसरीला बसतच नाही.

तिघी सख्ख्या बहिणी वाटतात, पण एकीचं काही दुसरीला होईल तर शपथ. रिमचे व्यास ५५९, ५८४ आणि ६२२ मिलिमीटर. मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, रुंदी १३५, १४२ आणि १४८. सीटचे दांडे २७.२, ३०.९ आणि ३१.६. शेवटच्या दोन आकड्यांत फरक किती? ०.७ मिलिमीटर. एवढ्याशा फरकासाठी दोन वेगळे दांडे जगात आणणाऱ्यांशी मला एकदा शांतपणे बोलायचं आहे. ब्रेकच्या तेलाचीही सोवळीओवळी. हिरवीला मिनरल ऑइल लागतं, काळीला मोटारींच्या ब्रेकमधलं डॉट. एकीचं दुसरीत गेलं तर आतली रबरी सीलं फुगून कामातून जातात. म्हणून सिरिंजही दोन, एकीला हिरवी चिकटपट्टी आणि एकीला काळी.

गंमत म्हणजे या सायकलींचा जन्मच मुळी ‘मिळेल ते बसव’ या पंथातला. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत सत्तरच्या दशकात काही पोरं १९३०-४० सालच्या, फुगीर टायरांच्या जड सायकली भंगारातून उचलायची, त्यांना हाताला लागतील ते भाग जोडायची आणि डोंगरावरून खाली सोडायची. उलटं पेडल मारलं की मागच्या हबमध्ये ब्रेक लागायचा. जेमतेम साडेतीन किलोमीटरांत चारशे मीटर उतरायचं, त्यामुळे खाली पोहोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं. प्रत्येक वेळी हब उघडा, नवं ग्रीस भरा. या भरण्यावरूनच त्या उताराचं नाव पडलं रीपॅक. तिथली पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ला झाली. म्हणजे या खेळातल्या पहिल्या नामांकित जागेला ना शिखराचं नाव आहे, ना वीराचं. दुरुस्तीचं आहे. मला हे फार आवडतं.

असो. कुरकुर.

शोधायची एक पद्धत असते आणि ती मला तोंडपाठ आहे. सीटवरून उठून पेडल मारा. आवाज थांबला तर दोष सीटमध्ये किंवा तिच्या दांड्यात. पेडल न मारता नुसतं हँडल ओढा. तरी आवाज आला तर स्टेम (हँडल धरणारा तुकडा) नाहीतर हेडसेट (हँडल ज्यांवर वळतं ती बेअरिंगं). पेडलवर जोर दिला की येतो आणि एरवी नाही, तर संशयितांची रांग मोठी: क्रँक (पेडलचा दांडा), बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यांवर फिरतात ती बेअरिंगं), चेनरिंगचे म्हणजे पुढच्या दातेरी चाकाचे बोल्ट, मागचा ॲक्सल, कॅसेट (मागची दातेरी चाकं), पेडल. काळी या शेवटच्या वर्गातली निघाली. शिवाय तिला मागच्या सस्पेन्शनचे सांधे आहेत, आणि फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या. पुढे कुरकुरलं तरी मागे ऐकू येतं.

मी सुरुवात सांध्यांपासून केली. का, ते आता कळतं. दोष महागड्या, गुंतागुंतीच्या जागी असावा असं आपल्याला आतून वाटत असतं. त्यात दुरुस्त करणाऱ्याचाही मान राहतो. आठ बोल्ट काढले, बेअरिंगं पुसली, ग्रीस लावलं, टॉर्क पान्याने मोजून आवळले. कुरकुर. बॉटम ब्रॅकेट काढला, आटे ब्रशने घासले, परत बसवला. कुरकुर. मागचा ॲक्सल, गिअरचा हँगर, चेनरिंगचे बोल्ट, सगळं झालं.

हँगर काढला तेव्हा तो किंचित वाकलेला दिसला. मागची गिअरची यंत्रणा ज्याला टांगलेली असते तो हा मऊ धातूचा तुकडा मुद्दामच कमकुवत केलेला असतो, आपटल्यावर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. गेले दोन महिने सहावा गिअर नीट पडत नव्हता आणि मी केबलचा पेच पाव-पाव फेरा फिरवत बसलो होतो. हँगर बदलला, गिअर लोण्यासारखे पडू लागले. कुरकुर मात्र होती तिथेच, आता तर आणखी स्वच्छ ऐकू यायला लागली.

मग मी शोध सोडून सस्पेन्शनशी खेळत बसलो. मुख्य प्रश्न सुटत नसला की माणूस फाइली नीट लावायला घेतो, तसं. पाठीवरच्या पाण्यासकट सीटवर बसायचं आणि शॉक, म्हणजे मागचे झटके झेलणारी हवेची नळी, किती दबतो ते त्याच्यावरच्या रबरी कड्यावरून मोजायचं. एकूण जितका दबू शकतो त्याच्या पंचवीस ते तीस टक्के दबला म्हणजे ठीक. शॉकमध्ये हवा भरून पंप काढताना फुस्स होतं ती हवा पंपाच्या नळीतली असते, शॉकमधली नव्हे. हे कळायच्या आधी मी दरवेळी घाईघाईने परत हवा भरायचो. आता वहीत लिहितो: रीबाउंड (दबल्यावर परत उसळण्याचा वेग) दोन क्लिक हळू, पुढे तीन पीएसआय कमी. खरं सांगायचं तर या वहीतल्या निम्म्या नोंदींपेक्षा टायरमधली हवा थोडी कमी केल्याने जास्त फरक पडतो. लोक उंची सस्पेन्शन बसवतात आणि टायर दगडासारखे फुगवून फिरतात. मीही फिरलोय.

शेवटी एका संध्याकाळी तिघींकडे बघत बसलो असताना डोक्यात उजेड पडला. या घराण्यात एक गोष्ट सगळ्यांना सारखी आहे. पेडल. ९/१६ इंचाचे आटे, लाल असो वा काळी. संशयितांपैकी अदलाबदल करून तपासता येण्याजोगा एकमेव भाग, आणि मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. काढायला पाच मिनिटं लागतात. मला दहा लागली, कारण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे डोक्याला ठाऊक असलं तरी हाताला अजून नाही.

काळीची पेडलं हिरवीला लावली, हिरवीची काळीला. काळी घेऊन चढावर गेलो. मुकी. परत येऊन हिरवी काढली, आणि पहिल्याच जोरदार पेडलला ती कुरकुरली. स्वतःची धडधाकट सायकल बिघडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पेडलं उघडली. छर्रे धुतले, ग्रीस भरलं, छर्रे दाबून धरणारे शंकूसारखे नट एकदा सैल आणि एकदा घट्ट करून पाहिले. उजवं तरी कुरकुरतंच. जोडी आता एका डब्यात आहे आणि डब्यावर ‘आवाज करतात’ असं लिहिलंय. टाकून द्यायला हवीत, पण खुंटीवरच्या फ्रेमसाठी आतापर्यंत जमलेला हा पहिलाच भाग आहे.