उताराक थांबयतलो कोण?

देवगडला येऊन चार दिवस झाले. मे महिना, पडवीत आंब्याच्या पेट्यांचा ढीग. पेंढा पसरायचा, आंबा रचायचा, वर पुन्हा पेंढा. मला कुणी हात लावू देत नाही. इंग्लंडात ब्रिस्टलला राहून माझे हात बिघडले, असं वहिनीचं ठाम मत आहे. मग रिकामपणी मोबाइलवरचे फोटो दाखवत बसलो होतो. त्यात आमची कॅराव्हॅन निघाली.

तात्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "ह्या काय? घर वडून नेतास?"

तसंच म्हणायला हवं. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं बिनइंजिनाचं घर. आत दोन बाकं, त्यांचाच रात्री पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, कोपऱ्यात कपाटाएवढं न्हाणीघर. ते आपल्या मोटारीच्या मागे बसवलेल्या लोखंडी गोळ्याला अडकवायचं आणि सुट्टीला निघायचं. (आपल्याकडे २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून शब्द तरी ओळखीचा झाला आहे.)

"मगे ती बैलगाडीच म्हण मां," तात्या म्हणाले. "फक्त बैल पेट्रोलवर चलता."

मी हसलो. पण पुढचा तासभर आम्ही जे बोललो, ते दोन वर्षांपूर्वी कुणी मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिली कॅराव्हॅन घ्यायला गेलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: आपली गाडी ती ओढेल का? विकणाऱ्याने गाडीचं मॉडेल विचारलं, संगणकात बघितलं आणि म्हणाला, तुमची दीड हजार किलो ओढते, ही साडेतेराशेची आहे, घ्या खुशाल. कायद्याने त्यात काही चूक नव्हती. गाडीच्या दरवाजाच्या चौकटीवर एक लहानशी पट्टी असते, तिच्यावर चार आकडे छापलेले असतात. पहिला भरलेल्या गाडीचं कमाल वजन, दुसरा गाडी आणि मागचं धूड मिळून कमाल वजन, बाकी दोन पुढच्या-मागच्या आसाचे. माझ्या पट्टीवर १९४० आणि ३४४०. वजाबाकी केली की दीड हजार. कंपनीने चाचणी घेऊन दिलेला आकडा आहे तो, खोटा नाही.

हे सांगितल्यावर तात्या जे म्हणाले ते मथळ्यात घातलं आहे. पूर्ण वाक्य असं: "वडूक काय, कोणय वडीत. उताराक थांबयतलो कोण?"

नेमकं हेच. ओढायची ताकद इंजिनाची, पण मागच्याला ताब्यात ठेवायला लागतं ते पुढच्याचं वजन. मागचं धूड पुढच्याच्या जवळपास वजनाचं झालं, की वळणावर, उतारावर, बाजूच्या वाऱ्याने कोण कुणाला नेतंय हे सांगता येत नाही. म्हणून तिकडे एक ८५ टक्क्यांचा ठोकताळा आहे. कॅराव्हॅनचं कमाल भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा, निदान नवखे आहात तोवर. मुरलेल्याने शंभर टक्क्यांपर्यंत जावं, त्यापुढे कुणीच नाही. हा कायदा नाही, शहाणपणाचा सल्ला आहे. त्यामुळे विकणारा तो आपणहून सांगेलच असं नाही.

माझी गाडी रिकामी १४३० किलो. तिचे ८५ टक्के म्हणजे १२१५. विकणाऱ्याची साडेतेराशेची कॅराव्हॅन ९४ टक्क्यांवर जात होती. बायकोला तिचे पडदे फार आवडले होते, तरी सोडली. शेवटी घेतली ती ११८० किलोची, साडेब्याऐंशी टक्के. पडदे तपकिरी.

रिकाम्या वजनातही गंमत आहे. काही कंपन्या त्यात चालकाचे ७५ किलो धरतात, काही धरत नाहीत. माहितीपत्रकावर विसंबू नका. गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा आकडा बघा, आणि खात्री हवी असेल तर सरळ वजनकाट्यावर न्या. अजून एक, मोटार इलेक्ट्रिक असेल तर आधी तिला मागे काही जोडायची परवानगी आहे का तेच तपासा. बऱ्याच मॉडेलना ती नाही.

परवान्याची भानगड आता सुटली आहे. १९९७ पासून पुढे मोटारीची परीक्षा दिलेल्यांना जड जोडी ओढायला पूर्वी वेगळी परीक्षा लागायची. १६ डिसेंबर २०२१ पासून ती गेली. साडेतीन हजार किलोपर्यंतचा ट्रेलर साध्या परवान्यावर चालतो. आपला भारतीय परवाना मात्र तिकडे बदलून मिळत नाही. वर्षभर चालवता येतं, मग त्यांची परीक्षा द्यावीच लागते.

एवढा अभ्यास करून आम्ही पहिल्या सहलीला निघालो. कॉर्नवॉलला. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, रस्ते अरुंद, वळणं आंधळी. तिकडचं कोकणच म्हणा. मोटारवेवर कॅराव्हॅनला ताशी ६० मैलांची मर्यादा आणि तीन पदरी असेल तर उजव्या पदरात जायला बंदी, त्यामुळे आम्ही डावीकडून सावकाश चाललो होतो. एका सौम्य उतारावर शेजारून मोठा ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याचा झोत लागला आणि मागचं घर हलायला लागलं. आधी हलकं, मग आरशात एकदा डावीकडची खिडकी दिसते, एकदा उजवीकडची. स्टिअरिंग हातात जिवंत झाल्यासारखं. मुलगी मागून म्हणाली, "बाबा, आपलं घर नाचतंय." ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, हे वाचलेलं होतं. पाय निघाला. चार-पाच हेलकावे खाऊन घर शांत झालं. पुढच्या थांब्यावर उतरलो तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

वजन तर ८५ टक्क्यांच्या आत होतं. मग काय चुकलं?

तात्यांनी हातातला आंबा खाली ठेवला. "माल खंय भरललंस?"

मागे. तंबूची पिशवी मागच्या खिडकीखाली, दहा किलो तांदूळ तिथेच, मिक्सर, कुकर, पोळपाट-लाटणं, कुळथाच्या पिठाचा डबा, सगळं मागच्या कपाटात. आत-बाहेर करायला सोपं म्हणून.

"गाडी उलाळ केलंस," तात्या म्हणाले, आणि मला एकदम लहानपणीचं खळं आठवलं. चिरे भरताना कोणी मागे जास्त ठेवले की धुरा वर उचलायची, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघायचं. सगळा भार पुढे आला तर बैलांच्या मानेला घट्टे. म्हणून चिरे आसावर, आणि थोडा भार धुरेवर. किती? तात्या म्हणतात, जू उचलून बघायचं, हाताला कळतं.

तिकडे हाताऐवजी आकडा आहे. कॅराव्हॅनची पुढची दांडी गाडीच्या गोळ्यावर जो भार टाकते, तो कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के असावा. माझ्या ११८० चे ५९ ते ८२ किलो. पण माझ्या गाडीचा गोळा ७५ किलोच सोसतो, म्हणून ६० ते ७५. कॉर्नवॉलच्या मुक्कामी शेजारच्या म्हाताऱ्याने मोजायची युक्ती दाखवली: जमिनीवर न्हाणीघरातला वजनकाटा, त्यावर गोळ्याच्या उंचीचा लाकडी ठोकळा, कॅराव्हॅन सपाट उभी, आणि दांडी ठोकळ्यावर टेकवायची. काट्यावर आले ३८.

आम्ही तिथेच सगळं उपसलं. तंबू आणि तांदूळ आसाच्या वर, कॅराव्हॅनच्या तळावर. मिक्सर पुढच्या बाकाखाली. वरच्या कपाटांत फक्त कपडे आणि चिवडा. पुन्हा मोजलं, ६६. परत येताना ट्रक तेवढेच होते, घर हललं नाही.

घरी आल्यावर सार्वजनिक वजनकाट्यावर गेलो, तर कॅराव्हॅन १२१५ भरली. ३५ किलो जास्त, म्हणजे कायद्यानेही चूक. रिकामी १०३० ची, सामानाला उरतात दीडशे. त्यात बॅटरी २२, तंबू २५, गॅसची टाकी, ताटल्या, पांघरुणं. पाण्याचा ४० लिटरचा पिंप आम्ही घरूनच भरून नेत होतो. आता मुक्कामी पोचल्यावर भरतो. मिक्सर घरी राहतो. कुकरवरून वाद झाला, कुकर जिंकला.

तात्यांना ब्रेकचं यंत्र सर्वांत आवडलं. गाडी हळू झाली की कॅराव्हॅन मागून रेटते, तो रेटा दांडीतला दट्टा आत ढकलतो आणि त्यानेच तिच्या चाकांचे ब्रेक लागतात. वीज नाही, काही नाही. दांडी सुटलीच तर एक बारीक तार ताणली जाऊन ब्रेक ओढते आणि मग तुटते. "ह्या आमका व्हया होता," ते म्हणाले. त्यांचे बैल घाटीच्या उतारावर मागच्या पायांवर बसत, तेवढाच ब्रेक.

काल रात्री माझ्या बॅगा आंब्याच्या काट्यावर चढवल्या. विमानात एकीला २३ किलो. पहिली २२.६ भरली. दुसरीत आईने कुळथाचं पीठ, सोलं आणि मला न सांगता एक छोटा दगडी खलबत्ता घातला होता. २६.१. तात्यांनी बॅग उघडली, खलबत्ता हातात तोलला आणि आईकडे न बघता पीठ बाहेर काढलं.